बाथरोबातले जावई

२ डिसेंबर

ती. मावशीस घाईघाईचा नमस्कार.

कॉलेजची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, दाराच्या फटीतून पाना धरलेला एक हात आत आला, आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. आई तुला याहून वेगळं काही सांगत असेल तर ऐकू नकोस. आई लिफ्टमध्ये नव्हती.

माझ्या खिशात परीक्षेचा फॉर्म होता, पाचव्या मजल्यावर द्यायचा. हाताच्या मागून आवाज आला, "आत किती जण?" म्हटलं, "एक." "वजन?" मी भडकलो. म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय माझ्या वजनाशी?" तर म्हणते, "मला काहीच नाही करायचं, लिफ्टला करायचंय." मावशी, आजवर माझ्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. दार उघडून ती जिन्याने खाली निघाली आणि मी तिची हत्यारांची पेटी उचलून तिच्या मागे. फॉर्म खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो नाही, तिसऱ्या दिवशी जायचं कारण उरलं नाही.

आता मी नळांच्या शोरूममध्ये कामाला आहे. भिंतभर नळ, एकालाही पाणी नाही. गिऱ्हाईक नळ फिरवून बघतं आणि मी म्हणतो, "दाब उत्तम आहे." तिचा-माझा चहा होतो अधूनमधून. परवा म्हटलं, "मी घरी येऊन तुमच्या वडिलांशी बोलतो." ती पाना पुसता पुसता हसली. म्हणाली, "जा की. पण बाथरोब घेऊन जा." मला वाटलं थट्टा करतेय.

कसली थट्टा! भर दुपारी वडिलांनी दार उघडलं ते घोट्यापर्यंत बाथरोब, कंबरेला पट्टा, पायात सपाता अशा थाटात. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कपड्यांत आलात?" म्हटलं, "हो." म्हणाले, "मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" आणि दार लावून घेतलं.

तिने मग सांगितलं, हे गृहस्थ जन्मभर कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदारांनी बोलायचं, यांनी टिपायचं. त्यांचं म्हणणं, इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस खोटं बोलतो आणि उघडा माणूस बोलतच नाही. खरा माणूस सापडतो तो आंघोळ आणि कपडे यांच्या मधल्या दहा मिनिटांत. सबंध नोकरीत त्यांना एकच खरा साक्षीदार भेटला, आणि त्याला पोलिसांनी न्हाणीघरातून तसाच उचलून आणला होता. म्हणून त्या घरात बाथरोबाशिवाय कुणाला खुर्ची मिळत नाही. मुलगी मागायला येणाऱ्याच्या तीन बैठका होतात, दर बैठकीला वेगळ्या कापडाचा बाथरोब, आणि तो ज्याचा त्याने निवडायचा. "ज्याला स्वतःच्या अंगावरचं कापड कळत नाही, त्याला दुसऱ्याचं मन काय कळणार?" थोरल्या दोन मुलींचे नवरे असेच पास होऊन आलेत.

मावशी, तुझी हयात गेली हॉटेलातल्या चादरी, टॉवेल आणि बाथरोबांच्या खोलीत. तुला नाही विचारायचं तर कुणाला? पुढच्या रविवारी पहिली बैठक आहे. ती मुलगी मला नाही मिळाली तर मी काय करून बसेन ते मलाच माहीत नाही. लवकर लिही.

तुझा तडतड्या

७ डिसेंबर

चि. तडतड्यास, आशीर्वाद तूर्त राखून ठेवते.

फोन केला नाही, कारण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तुझी आई रोज मला रडून दाखवते. तिने कॉलेजात चौकशी केली, फॉर्मची मुदत जानेवारीअखेरपर्यंत वाढलीय. मी आपलं कानावर घातलं. मला काय त्याचं.

आता तुझं कापड. बाथरोब घेताना तीन गोष्टी बघायच्या: पाणी किती पितो, ऊब किती देतो आणि अंगावर वजन किती टाकतो. सुती टेरी, म्हणजे आपल्या टॉवेलचंच कापड. त्याच्यावर धाग्याची बारीक बारीक वेटोळी उभी असतात, ती पाणी पितात. उबदार, पण जड, आणि वाळायला वेळ घेतं. चौकड्या-चौकड्यांचं वॅफल हलकं असतं, पटकन वाळतं, उकाड्यात बरं. टेरीची वेटोळी कापली की मखमलीसारखं दिसतं, पण ते पाणी टिपत कमी आणि पसरवत जास्त. माणसांतही असे असतात.

तुला मात्र यातलं काही नको. तू फ्लीस घे. निव्वळ पॉलिस्टर, सुताचा एक धागा नको. आतून लोकरीचा बनियन घाल, सपाता रबरी घे. हवा सध्या कोरडी आहे ते फार छान. त्यांच्याकडे गालिचा असेल तर बसण्याआधी पाय घासत घासत त्याच्यावर चार-सहा फेऱ्या मार, त्याने नम्रता दिसते. आणि गेल्या गेल्या त्यांचा हात हातात घे. घट्ट.

काय होतं ते कळव. मी वाट बघतेय.

मावशी

१५ डिसेंबर

ती. मावशीस, आज नमस्कार दोन्ही हातांनी.

तू बाई नाहीस, तू जादूगार आहेस!

बाहेरच्या खोलीत कपाट आहे. तिथे शर्ट-पँट काढून ठेवायची, बाथरोब चढवायचा आणि मग आत. दिवाणखान्यात गालिचा होता. मी फेऱ्या मारल्या. सोफ्यावर दोघं जावई बसले होते, थोरले जाड टेरीत, मधले फ्लॅनेलमध्ये. दोघांनी माना इकडून तिकडे फिरवत माझ्या फेऱ्या पाहिल्या. मधले म्हणाले, "मुलगा चालतो छान." थोरले म्हणाले, "छानच."

मग मी वडिलांचा हात धरला. मावशी, अशी ठिणगी उडाली की पडद्यामागची मांजर कपाटावर जाऊन बसली! वडील "आई गं" म्हणून खुर्चीत कोसळले. मी मनात म्हटलं, संपलं. पळावं की भांडावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात ते स्वतःच्या हाताकडे बघायला लागले. जन्मभर पेन्सिल धरून त्यांचा अंगठा आणि दोन बोटं मिटून गेली होती, पेन्सिल नसली तरी पेन्सिल धरल्यासारखीच. डॉक्टर थकले, मालिशवाले थकले. ती बोटं उघडली, मावशी! फुलासारखी. ते एकेक बोट हलवून बघत होते आणि जावई टाळ्या वाजवत होते. टाळ्यांचा आवाजच येत नव्हता, इतक्या लांब बाह्या.

मग त्यांनी नव्या बोटांनी माझी बाही चाचपली. म्हणाले, "कापड हलकं आहे, पण माणूस खरा आहे. याच्या आत जे आहे ते बाहेर येतं." पहिली बैठक पास!

ती घरी नव्हती, कुठल्याशा दवाखान्यात लिफ्ट अडकली होती. दुसऱ्या दिवशी शोरूमवरून जाताना दिसली. मी धावत बाहेर जाऊन सांगितलं, "पास झालो!" ती म्हणाली, "अरे देवा." आनंदाने तिच्या तोंडून शब्द फुटेना, मी समजू शकतो.

दुसऱ्या बैठकीचं कापड कळव. त्यांच्या पाहुण्यांच्या खुर्च्या चामड्याच्या आहेत, तुला उपयोग होईल म्हणून सांगतो.

तुझा तडतड्या

२० डिसेंबर

चि. तडतड्या,

बोटं उघडली. वा. ऐकून फार म्हणजे फारच बरं वाटलं.

खुर्च्या चामड्याच्या आहेत म्हणतोस. गुळगुळीत का? मग सॅटिन घे. पाणी टिपत नाही, ऊब देत नाही, आणि टेकून बसणं त्याच्यात जन्मात जमत नाही, पण दिसतं झकास. जितकं चकचकीत तितकं चांगलं. खुर्चीच्या अगदी काठावर बस, पाय जुळवून, दोन्ही हातांत भरलेला कप. मागे रेलू नकोस, उद्धटपणा दिसतो.

फॉर्मची मुदत जानेवारीअखेर. बाकी काही नाही.

मावशी

२९ डिसेंबर

प्रिय मावशी,

तुझ्या पायांचं तीर्थ घेईन, तू नको म्हटलंस तरी.

जांभळं सॅटिन घेतलं. बसलो काठावर, हातात कप. वडील समोर. पहिल्या बैठकीनंतर खालची कवळी हरवल्यामुळे ते फक्त स्वरांत बोलायचे. त्यांनी काहीतरी विचारलं, मला "आ ए ई ओ आ?" एवढंच ऐकू आलं. नीट ऐकायला म्हणून पुढे झुकलो आणि घसरलो. थांबता येईना! खुर्चीवरून गालिच्यावर, गालिच्यावरून टेबलाखाली, जणू मला कुणी टपालाच्या पेटीत टाकलं. कप उडाला, चहा सगळा माझ्या पाठीवर. टेबलाखाली अंधारात हाताला काहीतरी टोचलं. ओरडत बाहेर आलो, तर हातात त्यांची कवळी.

ती त्यांनी धुऊन बसवली. आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडून पहिलं स्पष्ट वाक्य आलं: "हा मुलगा माझ्यासाठी खाली उतरला." मधल्या जावयांच्या डोळ्यांत पाणी. थोरले म्हणाले, "छानच."

दुसरी बैठकही पास!

माझं सॅटिन चहाने भिजलेलं, म्हणून त्यांनी आतून त्यांच्या घरचा एक बाथरोब आणून दिला. मावशी, ते कापड. लांब धाग्याच्या सुताची टेरी, इतक्यांदा धुतलेली की वेटोळी दिसत नाहीत, नुसती जाणवतात. जड आहे, पण खांद्यावर कुणी आपलं माणूस हात ठेवून उभं असावं तसं जड. मी सोफ्यावर टेकलो. मधले जरा सरकले. थोरले जरा सरकले. तिथे तिसऱ्या माणसाची जागा होतीच. उठलो तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

त्याआधी ती कामावरून आली, मला त्या दोघांच्या मध्ये बसलेला पाहिलं आणि हातातली पेटी खाली न ठेवताच आत गेली. लाजली. मुली लाजतात.

उद्या परत बोलावलंय, नुसतंच बसायला.

तुझा भाचा

३० डिसेंबर

ती. मावशींना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा भाचा ज्या घरात बाथरोब घालून बसतो त्या घरातली मी धाकटी. बाहेरच्या कपाटापाशी त्याच्या शर्टातून तुमचा लिफाफा खाली पडला होता. आतलं वाचलं नाही, मागचा पत्ता तेवढा घेतला.

काम असं आहे. कापड मावशी सुचवते असं तो सगळ्यांना सांगतो, म्हणजे तुम्ही त्याला मदत करताय. कृपा करून करू नका.

तुमचा भाचा मला आवडतो. पहिल्या भेटीत तो माझ्यावर खेकसला, ते बरं वाटलं. आमच्या घरात कुणी खेकसत नाही. थोरले भावजी पूर्वी कारखान्यात युनियनची भाषणं करायचे, ताई त्यांच्यावर त्यासाठीच भाळली होती. मधले भावजी तर पहिल्या बैठकीत बाबांना "म्हातारा वेडा आहे" म्हणाले होते. मग बाबांनी दोघांना घरचे बाथरोब दिले. आता चहा गार असला तरी "छान" आणि चहा नसला तरी "छान". दोघी बहिणी नोकरी करून येतात आणि नवऱ्यांचे बाथरोब वाळत घालतात. बाबा वाईट नाहीत, कुणाला कोंडत नाहीत. दाराला कुलूपसुद्धा नसतं. त्यांना फक्त खरी माणसं जवळ हवी असतात, आणि मऊ कापडातून उठावंसं कुणालाच वाटत नाही.

मी त्याला "बाथरोब घेऊन जा" म्हटलं ते याच हिशेबाने की हा पहिल्याच बैठकीत भांडेल, आदळआपट करेल, बाहेर पडेल. तो बाहेर पडला असता तर मी बाहेर हो म्हणायला उभी होते. आणि हा पास होत सुटलाय!

माझी बदली तुमच्या शहरात झालीय. सोमवारी, १५ जानेवारीला सकाळच्या बसने निघायचंय. त्याच सकाळी बाबांनी तिसरी बैठक ठेवलीय. मी आज त्याला बदलीचं सांगितलं. तो म्हणाला, "हो का."

तुम्हाला काही सुचतं का?

आपली,
लिफ्टवाली

४ जानेवारी

बाळ,

तुझं पत्र वाचून मी टॉवेलांच्या ढिगावर बसून हसले आणि मग हसू थांबलं.

अगं, मी त्याला मदत करत नव्हते. त्याच्या आईला शब्द दिला होता की त्याला तिथून नापास करून कॉलेजात परत धाडीन. फ्लीस काय, सॅटिन काय, हॉटेलात मी शत्रूलाही देणार नाही. पण या गाढवाचं नशीब असं की विहिरीत ढकलावं तर हंडा घेऊन वर येतो.

मला तो कॉलेजात हवा होता, तुला बसमध्ये हवा आहे. सोफ्यावर दोघींनाही नकोय. एवढं पुरे.

तू आलीस की माझ्याकडेच उतर. त्याचं मी बघते. लहानपणापासून त्याला चिडवायचं कसं ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

मावशी

८ जानेवारी

प्रिय मावशी,

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. काही हरकत नाही.

मी हल्ली इकडेच असतो. शोरूममध्ये जाणं सोडलं. मालकांनी निरोप पाठवला की येऊ नका, मी म्हटलं, छान. सकाळी आंघोळ करतो आणि बाथरोब घालून बसतो. दुपारी वडील कोर्टातल्या जुन्या साक्षी तोंडपाठ म्हणून दाखवतात. मधले जावई कुठे खोटं आलं ते ओळखतात. थोरले झोपतात. मग चहा.

मावशी, मला हल्ली राग येत नाही. काल मधल्यांच्या हातून माझ्या मांडीवर गरम चहा सांडला. मी बघत राहिलो. टेरीने तो पिऊन टाकला. पूर्वी मी केवढा तमाशा केला असता! आईला सांग, मी कुणावरच चिडलेलो नाही, तिच्यावरसुद्धा.

तिसऱ्या बैठकीसाठी तुला कापड विचारायचं होतं, पण वडील म्हणाले, आता निवडायचं काय राहिलं? हाच घाला. मला पटलं. त्या दिवशी ते एकच प्रश्न विचारतात म्हणे, आणि मग सोफ्यावरची जागा कायमची.

ती सोमवारी कुठेतरी जाणार आहे. बदली का काहीतरी. येईल सुट्टीला. लग्न झाल्यावर माझे बाथरोब कोण वाळत घालणार, एवढं एक मनात आलं होतं, पण ते तरी कशाला मनात आणायचं.

सगळं छान आहे.

तुझा भाचा

११ जानेवारी

तडतड्या,

हे नाव तुझं होतं. आता तुला काय म्हणावं ते सुचत नाही, म्हणून जुनंच लिहिलं.

ऐक, आणि चहा बाजूला ठेव. फ्लीस मी तुला ठिणगी उडावी म्हणून दिलं होतं. सॅटिन तू घसरून आपटावास म्हणून. दोन्ही वेळा तुला तोंडावर पाडायला बसले होते, आणि तू मला जादूगार म्हणालास, पायाचं तीर्थ मागितलंस. मी ते पत्र हॉटेलात सगळ्यांना वाचून दाखवलं. स्वयंपाक्यापासून दरवानापर्यंत पोट धरून हसले.

आता कापडाबद्दल खरं ते सांगते, हे मात्र नीट वाच. टेरी पाणी पिते म्हणून मऊ लागते. पण तिला मध्ये मध्ये अंगावरून उतरून वाऱ्यावर टांगावं लागतं. सदानकदा अंगात राहिलेला बाथरोब कधी वाळतच नाही. तो कुबट होतो आणि आतल्या माणसाला वास येईनासा होतो. आमच्याकडे असे बाथरोब आम्ही फरशी पुसायला देतो. स्वतःच्या बाहीचा वास घे. आत्ता, या ओळीवर थांबून.

घेतलास? मग पुढे.

ती मुलगी माझ्याकडे राहायला येतेय. तू "हो का" म्हणालास ते तिने मला कळवलं. आमच्या हॉटेलात लिफ्ट चालवणारा एक मुलगा आहे. शांत आहे, केसांना तेल लावतो, वर-खाली जाताना दर मजल्याचं नाव गोड आवाजात सांगतो. मी त्याला तिच्याबद्दल सांगून ठेवलंय. तुझी हरकत नसावी. तुला हल्ली राग येत नाही ना?

आणि एक. आजवर तुझ्या दोन-दोन बैठका झाल्या, तुझी बाही चाचपली, तुझी बोटं, तुझे पाय, सगळं बघून झालं. त्या मुलीला "मी तुला हवा आहे का?" असं तू एकदा तरी विचारलंस का रे, शहाण्या?

मावशी

१५ जानेवारी, बसमध्ये

मावशी,

मी तुझ्यावर भयंकर चिडलोय! हे पत्र तुझ्या दारात उभा राहून तुझ्या हातात देणार आहे, कारण तोंडाने बोलायला गेलो तर तू मध्येच हसशील. सगळं वाचून होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही म्हणतेस ना? घे मग.

आज सकाळी तिसरी बैठक होती. वडील समोर, दोघं जावई सोफ्यावर, मधली जागा रिकामी, तिच्यावर नवी उशी. वडिलांनी घसा साफ केला. "एकच प्रश्न," म्हणाले. "राग येतो का?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. उत्तर द्यायला जागचं हलायलाही लागू नये, असा तो प्रश्न होता. तेवढ्यात मधले जावई म्हणाले, "अहो, तुमचं टपाल आलं होतं शनिवारी. मी त्याच्यावर कप ठेवत होतो." आणि तुझं पत्र माझ्या हातात दिलं. वर गोल डाग पडला होता.

वडील म्हणाले, "वाचा वाचा, घाई नाही." त्या घरात कशालाच घाई नसते.

मी वाचलं. फ्लीसपाशी काही झालं नाही. सॅटिनपाशी पायाचा अंगठा हलला. दरवान हसला तिथे पोटरीत काहीतरी चढलं. मग तू थांब म्हणालीस तिथे थांबलो आणि बाहीचा वास घेतला.

मावशी, मी त्यात झोपत होतो!

तेलवाल्या लिफ्टमनपर्यंत पोचलो तेव्हा माझे कान तापले होते. शेवटचं वाक्य मी उभा राहून वाचलं. मग जे ओरडलो ते मला नीट आठवत नाही. पट्टा सोडून फेकला एवढं आठवतं, तो झुंबराला अडकला. दोघा जावयांचं पूर्वीचं तिने मध्यंतरी मला सांगितलं होतं, ते आत्ता आठवलं. थोरल्यांना म्हटलं, "तुम्ही युनियनची भाषणं करायचात ना? एक वाक्य म्हणा! कुठलंही!" ते खूप वेळ आठवत राहिले. म्हणाले, "साथियो..." आणि पुढचं काही येईना. मधल्यांना म्हटलं, "याच माणसाला तुम्ही वेडा म्हणाला होतात!" मधले घाबरून वडिलांकडे बघत म्हणाले, "मी? छे हो." वडील ताडकन म्हणाले, "खोटं!" बाथरोबात खोटं! मावशी, त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. आधी मला वाईट वाटलं आणि मग अजून राग आला, की आता वाईट कशाला वाटतंय!

ती दारापाशी बूट बांधत बसली होती. बाजूला बॅग, हत्यारांची पेटी. मी बनियन-चड्डीत तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि ओरडूनच विचारलं, कारण खालच्या आवाजात येईना. "मी तुम्हाला हवा आहे का?"

ती दुसऱ्या बुटाची नाडी ओढत म्हणाली, "हे विचारायला दोन महिने लागले? आणि ओरडता कशाला?"

"उत्तर द्या!"

"हवा आहेस. पण असा बसमध्ये घेणार नाहीत."

माझे कपडे ठेवायच्या कपाटाकडे धावलो. कपाट रिकामं. थोरल्या ताईने धुवायला दिले होते. घालायचे कशाला राहिलेत, असं तिला वाटलं असणार. मग हिने बॅगेतून तिची कामाची निळी डांगरी काढून दिली, शर्ट-पँट एकत्र शिवलेली. पाय माझ्या अर्ध्या पोटरीवर संपतात, काखेत काचते, ग्रीसचा वास येतो, आणि मानेपाशी शिवण अशी टोचते की आत्ता लिहितानाही मी दर ओळीला मान झटकतोय. शेजारची बाई मला आजारी समजून सरकून बसलीय.

वडील मागून आले. त्यांनी उघडलेल्या बोटांनी माझी बाही चाचपली. चिमटीत धरून चोळली, उलटून बघितली.

"जाडंभरडं," म्हणाले. "ना पाणी टिपेल, ना ऊब देईल. तुम्हाला कापडाची काही जाण नाही. नापास."

"हो, नापास!" मी म्हटलं. "लिहून घ्या!"

त्यांचा हात सवयीने पेन्सिल धरायला गेला, पण बोटं मिटेनात. ती म्हणाली, "बाबा, पोचल्यावर फोन करते." ते म्हणाले, "दार हळू लाव."

त्या दाराच्या चौकटीला, मावशी, टॉवेलची पट्टी ठोकलेली आहे, आवाज होऊ नये म्हणून. मी ती एका टोकाला धरली आणि वरपासून खालपर्यंत टराटरा ओढून काढली. ती जिना उतरायला लागली होती. मी तिची पेटी उचलली, बाहेर आलो, आणि दार आपटलं.